लेन्समधला ‘जुना लुक’ नेमका येतो कुठून?

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना हल्ली एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘दादा, फोटो जरा जुन्यासारखे काढा.’ मग दादा जुन्या लेन्सच्या शोधाला लागतो. कुणाला आजोबांच्या कपाटात एखादी सापडते, कुणी ऑनलाइन मागवतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, पितळेची नाहीतर ॲल्युमिनियमची, मुठीत मावेल एवढी लेन्स ॲडॉप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून आजच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर चढते आणि फोटो खरोखरच वेगळा येतो. यातल्या पुष्कळ लेन्स मुळात रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या. त्या जातीचं सर्वांत मोठं नाव म्हणजे लायका. त्या कॅमेऱ्याला २०२५ साली शंभर वर्षं झाली आणि जुनं चांगलं की नवं, या वादाला आणखी जोर चढला.

माझी भाची रत्नागिरीत फोटोग्राफी करते. तिने सरळ विचारलं, ‘मामा, जुनी घेऊ की नवी?’ एका शब्दात उत्तर देता येईना. कारण ज्याला आपण ‘जुना लुक’ म्हणतो तो तीन-चार वेगवेगळ्या दोषांचा मिळून झालेला असतो. प्रत्येक दोषाचं कारण वेगळं, उपाय वेगळा. त्यात आपली कोकणातली हवा अशी, की पुण्या-नाशिकच्या माणसाला दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

## रेंजफाइंडर म्हणजे काय?

हाताचा अंगठा समोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. मागच्या दीपस्तंभासमोर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. दोन डोळ्यांमधलं अंतर पक्कं असल्यामुळे उडीवरून वस्तू किती लांब आहे ते कळतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यालाही असे दोन डोळे असतात. लायकाच्या एम मालिकेत या दोन खिडक्यांमध्ये साधारण सात सेंटीमीटर अंतर आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की मधोमध एक उजळ चौकोन दिसतो आणि त्यात वस्तूच्या दोन प्रतिमा. लेन्सची कडी फिरवत त्या एकमेकींवर नेमक्या बसवल्या की फोकस झाला.

ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला पहिला लायका जर्मनीतल्या वेट्झलरच्या लाइट्स कंपनीने १९२५ साली बाजारात आणला. त्यात अंतर डोळ्याच्या अंदाजाने ठरवावं लागे. १९३२ मध्ये लायका २ आणि झाइस या दुसऱ्या जर्मन कंपनीचा कॉन्टॅक्स हे दोन कॅमेरे आले, आणि लेन्स फिरवली की रेंजफाइंडरही फिरू लागला. जुन्या लायकाच्या लेन्स ३९ मिमी व्यासाच्या आट्यांवर फिरवून बसत. १९५४ च्या एम ३ पासून चाप आला: लावायची, थोडी वळवायची, ‘खट्’ करून बसते. त्या वेळी कॅमेऱ्याच्या तोंडापासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमीवरून २७.८ मिमी केलं. वाचलेल्या त्या एका मिलिमीटरमध्ये ॲडॉप्टरची कडी बरोबर बसते. म्हणून १९३५ ची लेन्सही आजच्या एम कॅमेऱ्यावर चालते, आणि रेंजफाइंडरसुद्धा फिरवते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. या कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्स फिल्मच्या अगदी जवळ नेता येते आणि ती लहान, हलकी होते. दुसरी गोष्ट अशी की तुम्ही लेन्समधून पाहतच नसता. लेन्स काय गोंधळ घालते आहे ते फोटो पाहिल्यावरच कळतं.

## पत्र्याच्या शेडमधला घुमारा

रात्री दिवा लावून खिडकीबाहेर पाहिलं तर काचेत आपलाच चेहरा दिसतो. प्रकाश हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून हवेत येताना दर खेपेला सुमारे ४ टक्के मागे फिरतो, त्याचा हा परिणाम. लेन्समध्ये भिंगं चार, सहा, सात अशी असतात. हवेला लागणारे आठ पृष्ठभाग असतील तर शंभरातला ७२ भाग प्रकाशच पलीकडे पोहोचतो. सहा असतील तर ७८.

प्रकाश कमी झाला तर झाला, एक्सपोजर वाढवून घेता येतं. खरी पंचाईत मागे फिरलेल्या प्रकाशाची. तो दुसऱ्या काचेवर आपटून पुन्हा पुढे येतो आणि साऱ्या फोटोवर पातळ पांढरी साय धरतो. पत्र्याच्या रिकाम्या शेडमध्ये कुणी बोलायला लागलं की शब्द ऐकू येतात, पण प्रत्येक शब्दावर आधीच्या शब्दाचा घुमारा बसलेला असतो, तसंच. काळं काळं राहत नाही, राखाडी होतं. समोर दिवा किंवा सूर्य असेल तर ही साय आणखी दाट होते. तिला फ्लेअर म्हणतात.

झाइसचे लुडविग बेर्टेले यांनी यावर काढलेली तोड मला आजही फार आवडते. भिंगं कमी करायची नाहीत, ती एकमेकांना चिकटवायची. त्यांच्या ‘झोनार’ ५० मिमी एफ १.५ मध्ये भिंगं सात, पण गट तीनच, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं.) पॉल रूडॉल्फ यांची १८९६ ची ‘प्लानार’ रचना त्याहून समतोल होती, पण तिचे पृष्ठभाग आठ. घुमाऱ्यामुळे ती कित्येक वर्षं मागे राहिली.

घुमारा बंद करायचा उपाय एका अपघाताने आधीच दाखवून ठेवला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डेनिस टेलर या इंग्रज लेन्सतज्ज्ञांच्या ध्यानात आलं की काच काळवंडलेली जुनी लेन्स नव्याकोऱ्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते. काळवंडल्यामुळे काचेवर एक पातळ थर तयार झाला होता. तसा थर मुद्दाम चढवायची कामाला येईल अशी रीत झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये बसवली. हे आपलं कोटिंग. त्याची जाडी केसाच्या जाडीहून शेकडो पट कमी असते आणि ती मोजूनमापून ठेवलेली असते. थराच्या वरच्या बाजूवरून फिरलेली प्रकाशाची लाट आणि खालच्या बाजूवरून फिरलेली लाट अशा भेटतात, की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोन्ही विरतात. धक्क्यावर आपटून परतणारी लाट समोरून येणाऱ्या लाटेला भेटते तेव्हा क्षणभर पाणी सपाट होतं, ते आपण बंदरावर कितीतरी वेळा पाहिलेलं असतं.

एका थराने एकाच रंगाचा नीट बंदोबस्त होतो. म्हणून १९५० च्या दशकातल्या लेन्स तिरक्या धरल्या की निळ्या-जांभळ्या चमकतात. १९७० च्या दशकात अनेक थरांचं कोटिंग सर्रास झालं आणि मागे फिरणारा प्रकाश एका टक्क्याहूनही कमी झाला. मागे पडलेल्या प्लानारच्या कुळाला खरे दिवस आले ते कोटिंगमुळेच. आजच्याही पुष्कळ ५० मिमी लेन्स त्याच कुळातल्या आहेत.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. मे महिन्यात दुपारी समुद्राकडे तोंड करून फोटो काढायचा असेल तर १९४० च्या आधीची लेन्स हमखास हरते. पण सूर्य पाठीशी असेल आणि लेन्सला हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारी पुढची कडी, लावलेलं असेल तर फरक इतका कमी होतो की प्रिंटमध्ये शोधावा लागतो. जुन्या लेन्सच्या कितीतरी तक्रारी काही शे रुपयांच्या हुडाने मिटतात.

## रापणीचे दोर

फ्लेअरची साय एक झाली. चेहऱ्याभोवती दिसणारी मऊ आभा मात्र वेगळीच. तिचं मूळ भिंगाच्या आकारात आहे.

काचेच्या दोन चकत्यांमध्ये घासायची पूड घालून त्या सगळ्या दिशांनी एकमेकींवर घासत राहिलं की दोन्हींचा पृष्ठभाग आपोआप गोलाचा तुकडा होतो. म्हणून शेकडो वर्षं भिंगं तशीच घडली. पण प्रकाश एका बिंदूत आणण्यासाठी शुद्ध गोल हा आकार काही बरोबर नाही. भिंगाच्या कडेने जाणारे किरण जास्त वाकतात आणि मधल्या किरणांच्या अलीकडेच एकत्र येतात.

रापण ओढताना पाहिली असेल तर हे चटकन कळेल. किनाऱ्यावर दोन टोळ्या जाळ्याचे दोन दोर ओढत असतात. दोन्हींचा जोर सारखा असला की जाळं सरळ येतं आणि मासळी मधोमध गोळा होते. एका टोळीने घाई केली की जाळं तिरकं होतं, मासळी पसरते. भिंगाच्या कडेचे किरण म्हणजे ती घाई करणारी टोळी. मधल्या किरणांनी चित्र रेखीव काढलेलं असतं, कडेच्यांनी त्याच चित्राची एक पसरट, फिकी प्रत वर ठेवलेली असते. डोळ्याला ती आभा वाटते. ॲपर्चर लहान केलं की कडेची टोळी बाजूला होते. एफ ५.६ ला कुठलीही बऱ्यापैकी जुनी लेन्स फ्रेमच्या मध्यात नव्याच्या जवळपास येऊन बसते. तेव्हा जुना लुक हवा असेल तर ॲपर्चर उघडं ठेवावं लागतं. एफ ८ वर चालवायला जुनी लेन्स विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

गोल नसलेल्या आकाराचं भिंग, ज्याला ॲस्फेरिकल म्हणतात, ते करता येतं, पण पूर्वी ते फार जिकिरीचं होतं. लायकाने १९६६ मध्ये नोक्टिलक्स ५० मिमी एफ १.२ काढली. तिचे असे पृष्ठभाग हाताने घासलेले होते. लेन्स फार थोड्या निघाल्या आणि आज त्यांच्या किमती आवाक्याबाहेर आहेत. आता साच्यात दाबून किंवा संगणकाच्या यंत्रावर अशी भिंगं निघतात, म्हणून मध्यम किमतीच्या नव्या लेन्समध्येही ती असतात.

मागच्या धूसर भागाचा पोत, ज्याला जपानी शब्दावरून बोके म्हणतात, तोही बराचसा याच टोळ्यांवर ठरतो. झोनारच्या कुळात कडेचे किरण पुरते आवरलेले नसतात, त्यामुळे मागचे दिवे कडेला विरघळतात. काही लेन्समध्ये ते गरजेपेक्षा जास्त आवरले जातात, तिथे प्रत्येक दिव्याला बांगडीसारखी उजळ कड येते. जुन्या समिटार लेन्समध्ये मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, त्यात लेन्सच्या नळीचाही हात असतो. विहिरीत वरून वाकून पाहिलं तर तळाचं पाणी पूर्ण गोल दिसतं. दोन पावलं मागे सरून पाहा, कठड्याने अर्धा गोल झाकलेला असतो. फ्रेमच्या कोपऱ्यातल्या दिव्यांचं तेच होतं. ते मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि मधल्या भागाभोवती फेर धरतात.

## फोकस बरोबर लावला, तरी चुकला कसा?

जुन्या लेन्स घेणाऱ्यांची ही सर्वांत मोठी तक्रार, आणि ती खास रेंजफाइंडरची आहे.

कडेचे किरण अलीकडे जमतात हे वर पाहिलं. एफ १.५ ला सगळ्यांचं मिळून सर्वांत स्पष्ट ठिकाण एक असतं. एफ ४ ला कडेचे किरण कापले जातात आणि ते ठिकाण मागे सरकतं. माणूस मीटरभरावर बसलेला असेल तर डोळ्यावर लावलेला फोकस कानाकडे जातो. मिररलेस कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधूनच पाहता, त्यामुळे ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस केलं की काम होतं. खऱ्या रेंजफाइंडरमध्ये मात्र दोन खिडक्यांना यातलं काहीच माहीत नसतं. त्या आपल्या प्रामाणिकपणे डोळा दाखवत राहतात.

हा दोष नव्या लेन्समध्येही येऊ शकतो. झाइसची ‘सी झोनार’ ५० मिमी एफ १.५ ही याच शतकातली, उत्तम कोटिंगची लेन्स. पण रचना मुद्दाम जुन्या झोनारची ठेवलेली असल्यामुळे तिचा फोकस सरकतो. अशी लेन्स एका ॲपर्चरला जुळवलेली असते. बाकीच्या ॲपर्चरला किती पुढे-मागे व्हायचं ते हाताला सवयीने कळतं. सवय लावून घेणार नसाल तर घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

रशियन लेन्सची आणखी एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर झोनारची रचना सोव्हिएत संघात गेली आणि तिथे ती ‘ज्युपिटर’ नावाने निघू लागली: ज्युपिटर ३ ही एफ १.५, ज्युपिटर ८ ही एफ २. तिथल्याच फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांवर त्या ठीक चालतात. खऱ्या लायकावर लावल्या तर जवळच्या फोकसला अनेकदा थोड्या चुकतात. मिररलेसवर हाही प्रश्न उरत नाही.

## ‘नवी लेन्स निर्जीव असते,’ हे खरं का?

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही त्याचं कारण रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरचं आहे.

डिसेंबरातली सकाळ होती. बांगड्याचे क्रेट उतरत होते. माझ्याकडे दोन लेन्स होत्या, एक ज्युपिटर ८ आणि दुसरी कोसिना कंपनीने फोग्टलेंडर नावाने बनवलेली नोक्टॉन ५० मिमी एफ १.५. दोन्ही एफ २ ला ठेवल्या, जागा तीच, प्रकाश तोच. नोक्टॉनच्या फोटोत बांगड्याच्या पाठीवरचे काळसर पट्टे, ठिपके, बर्फाचा एकेक खडा आणि क्रेट ओढणाऱ्या मावशींच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांची प्रत्येक कड वेगळी दिसते. ओल्या जमिनीवरच्या चकाकीतही लादीची रेघ हरवलेली नाही. ज्युपिटरच्या फोटोत तीच चांदी पसरली आहे. माशांचा एकसलग उजेड झाला आहे आणि मावशींचा चेहरा त्या उजेडातून वर आलेला आहे.

मासळी बघायची तर पहिला फोटो, मावशींना बघायचं तर दुसरा. पण पहिल्याला निर्जीव म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्यातला बांगडा अजून ताजा आहे.

नव्या लेन्सची आणखी एक जमेची बाजू कोकणात रोज समोर येते. पावसाळी पांढऱ्या आभाळावर माडाच्या झावळ्या घ्या. जुन्या लेन्समध्ये पातींच्या कडेला जांभळी रेघ उमटते, कारण वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच जागी जमत नाहीत. ‘आपो’ असं नाव लावलेल्या लेन्स हे तिन्ही मुख्य रंग जवळजवळ एका जागी आणतात. लायकाने २०१२ मध्ये ५० मिमी एफ २ ची अशी लेन्स काढली. तिची किंमत लाखांत आहे. फोग्टलेंडरची आपो-लांथार तिच्यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडते.

## तिरका पाऊस आणि अरुंद घागरी

जुनी रुंद कोनाची लेन्स, म्हणजे २१ किंवा २८ मिमीची, मिररलेसवर लावून कोपरे लडबडलेले आले तर लेन्सला लगेच दोष देऊ नका. रेंजफाइंडर लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या जवळ असतो, त्यामुळे कोपऱ्यांकडे प्रकाश फार तिरका जातो. फिल्मला त्याचं फारसं काही वाटत नाही. डिजिटल सेन्सर म्हणजे ओळीने मांडलेल्या अरुंद तोंडाच्या घागरी. सरळ पावसात त्या भरतात. तिरक्या पावसाचं पाणी कडेवर आपटून शेजारी उडतं. शिवाय सेन्सरपुढे संरक्षणाची काच असते, आणि तिरका प्रकाश तिच्यातून जाताना आणखी भरकटतो. लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत ही काच मुद्दाम पातळ ठेवतात, इतर अनेक मिररलेसमध्ये ती जाड असते. ५० मिमी आणि पुढच्या लेन्सना याचा त्रास फार कमी होतो. सुरुवात ५० मिमीपासून करा, असं मी म्हणतो ते याच कारणाने.

ज्युपिटर १२ ही ३५ मिमीची लेन्स घेणाऱ्यांनी आणखी जपावं. तिचं मागचं भिंग इतकं बाहेर येतं की काही कॅमेऱ्यांत आतल्या भागांना लागतं.

## ‘जुन्या लेन्समध्ये सावल्या जास्त उमटतात’

हा समज अगदी जाणत्यांमध्येही आहे. फ्लेअरच्या सायीमुळे सावली काळी राहत नाही, राखाडी होते. डोळ्याला वाटतं तपशील दिसतो आहे. पण ती राखाडी सगळीकडे सारखीच ओतलेली असते, तिच्यात नवीन माहिती काही नसते. देवबागच्या खाडीत पाणी गढूळ झालं की तळाचा काळा दगड करडा दिसतो, पण त्यावरचं शेवाळ काही जास्त स्पष्ट होत नाही. फिल्मवर थोडा फायदा होऊ शकतो, कारण फिल्मला मुळात काहीतरी उमटायला किमान प्रकाश लागतो आणि साय तेवढा पुरवते. डिजिटलवर तो फायदा धरू नका.

## कॉम्प्युटरवर तोच परिणाम येणार नाही का?

रंग फिके करणं, कॉन्ट्रास्ट कमी करणं, कोपरे काळसर करणं, हे सगळं होतं, आणि छान होतं. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर लेन्सवर पैसे घालू नका. न जमणारी गोष्ट म्हणजे आभा आणि फ्लेअर. फ्लेअर बऱ्याचदा फ्रेमच्या बाहेरच्या दिव्यामुळे येतो आणि तो दिवा फोटोत नसतोच. आभा समोरच्या प्रत्येक वस्तूला तिच्या अंतराप्रमाणे वेगळी लागते. अंदाजाने रंगवता येतं, पण जाणकार नजरेला सारवलेलं कळतं.

## टॉर्च लावून पाहा

काही वर्षांपूर्वी कुडाळजवळच्या एका गावच्या जत्रेत मी दशावतार टिपला. ज्युपिटर ८, एफ २. रंगमंचावर एकच बाक, वर दोन हॅलोजन. संकासुर काळ्या वेषात उभा, आणि त्या काळ्याभोवती उजेडाचं धुकं. तो फोटो लोकांना इतका आवडला की वर्षभर मी झोनारच्या रचनेची थोरवी सांगत होतो. पुढच्या पावसाळ्यात सहज मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका धरला. आतल्या काचेवर तोंडाची वाफ बसल्यासारखा पांढरा थर होता. ग्रीसचा अंश उडून आत बसलेला. मेकॅनिककडून साफ करून आणली आणि पुढच्या जत्रेत तशाच उजेडात फोटो काढले. धुकं निम्म्याहून कमी झालं होतं. जे उरलं ते झोनारचं. आधीचं निम्मं नुसती घाण होती.

ज्याला आपण लेन्सचा स्वभाव म्हणतो, त्यातला बराच भाग तिच्या तब्येतीचा असतो. आणि तब्येत हा विषय कोकणात नावापेक्षा, वर्षापेक्षा मोठा आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंतीला ओल. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्समध्ये फंगस लागतं. कोळ्याच्या जाळ्यासारखे त्याचे तंतू काचेवर पसरतात, त्यातून निघणारं आम्ल आधी कोटिंग आणि मग काच खातं. लवकर पकडलं तर साफ होतं, खाल्लेली काच परत येत नाही.

टॉर्चमध्ये तिसरी गोष्ट दिसते ती चिकटवलेल्या भिंगांची. जुनी भिंगं कॅनडा बाल्समने चिकटवत, म्हणजे एका झाडाच्या चिकाने. फणसाचा चीक वाळल्यावर कसा पिवळा होऊन सुटतो ते आपल्याला ठाऊक आहे. हाही वर्षांनुवर्षं उन्हाळे-पावसाळे खाऊन सुटतो आणि भिंगाच्या कडेला इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसू लागतात. झोनारमध्ये तर चिकटवलेली भिंगंच जास्त. ही दुरुस्ती महाग, आणि करणारे हात थोडे.

घरी लेन्स चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, ओल भरली की ते सांगतं. मंद तव्यावर वाळवून पुन्हा वापरता येतं. जून उजाडायची वाट पाहू नका, २०२५ साली मॉन्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन पोहोचला होता. किनाऱ्यावरून आल्यावर लेन्स कोरड्या कपड्याने पुसू नका, मिठाचा कण कोटिंगवर रेघ ओढतो. आधी ब्लोअरने हवा मारा, मग किंचित ओलसर मऊ कापड.

आणि फिल्मच्या रेंजफाइंडरवाल्यांनो, किनाऱ्यावर लेन्सची टोपी काढून कॅमेरा गळ्यात लटकवू नका. आरसा नसल्यामुळे सूर्य थेट शटरच्या कापडावर एकवटतो. भिंगाने कागद जाळतात तसं त्या कापडाला भोक पडतं, आणि ते पुढच्या रोलच्या प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका होऊन दिसतं.

## मग घ्यायचं काय?

जुनी रचना हवी पण जुनं शरीर नको, असाही मार्ग निघाला आहे, आणि आपल्या हवेसाठी मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. लायकाने २८ मिमीची समारॉन २०१६ मध्ये, १९३५ ची मऊ चित्र देणारी थांबार २०१७ मध्ये आणि एफ १.२ ची नोक्टिलक्स २०२१ मध्ये पुन्हा काढली. या तिन्ही महागच. पण फोग्टलेंडरची नोक्टॉन क्लासिक ३५ मिमी एफ १.४ एकेकाळी एका थराच्या आणि अनेक थरांच्या अशा दोन्ही कोटिंगमध्ये विकली जात होती, आणि हेलियार क्लासिक ५० मिमी एफ १.५ मध्ये आभा मुद्दाम राखली आहे. काच नवी, डिंक नवा, ग्रीस नवं. दोष तेवढा जुना, तोही ठरवून ठेवलेला.

भाचीने मात्र ज्युपिटर ८ घ्यायचं ठरवलं. बजेट काही हजारांचं होतं आणि तिला माणसांचे चेहरेच जास्त काढायचे आहेत. ओळखीतून तीन लेन्स पाहायला मिळाल्या. खोलीतला दिवा घालवून आम्ही एकेक टॉर्चसमोर धरली. पहिलीत वाफ, दुसरीच्या कडेला नखाएवढं जाळं. तिसरीच्या पुढच्या काचेवर दोन बारीक ओरखडे होते, पण आत ती निवळशंख होती. पुढच्या काचेवरच्या अशा ओरखड्यांनी फोटोत काही फरक पडत नाही, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर दोघांनी सूर्याकडे तोंड करून एकदा हुडासकट आणि एकदा हुडाशिवाय फोटो काढले, मग ती पटली. डबा आणि सिलिका जेल तिने आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं.